चाल

औषधांच्या त्या मोठ्या दुकानात शिरून ती मागच्या काउंटरकडे निघाली, तेव्हा समोरच्या भिंतीवर टांगलेल्या पडद्यावर तिला एक बाई पाठमोरी चालताना दिसली. उजव्या हातात जड पिशवी, केस मागे घट्ट बांधलेले, वय चाळिशीच्या पुढचं. शिंपी जसा माणसाच्या तोंडाआधी त्याच्या सदऱ्याकडे बघतो, तशी ती सवयीनं त्या बाईच्या चालीकडे बघू लागली. डावा पाय. टाच उशिरा टेकतेय. पाऊल बाहेरच्या कडेवर पडतंय. त्या पायावर भार आला की सगळं अंग डावीकडे झोल खातं आणि मग उजवा खांदा घाईघाईनं ते सावरून घेतो. जन्मतः वळलेलं पाऊल. लहानपणी कोणीतरी ते सरळ करायला घेतलं आणि काम अर्धवट टाकून दिलं. एवढं तिनं चार पावलांत ठरवलंसुद्धा, आणि तिला वाईट वाटलं, त्या बाईबद्दल नाही, कामाबद्दल. अर्धवट काम तिला बघवत नसे. बाई नीट दिसावी म्हणून ती थांबली. पडद्यावरची बाईही थांबली.

तिनं पिशवी डाव्या हातात घेतली. पडद्यावर पिशवी डाव्या हातात गेली. दाराच्या वर, तिच्या डोक्यामागे कुठेतरी कॅमेरा असणार. काउंटरवरच्या माणसानं काय हवंय म्हणून विचारलं आणि ती मोठ्या माणसांचे डायपर, मध्यम आकाराचे, असं अगदी स्पष्ट म्हणाली. तो ते आणायला आत गेला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ती दारापर्यंत परत गेली, वळली आणि पुन्हा काउंटरकडे आली, या वेळी मान ताठ ठेवून, टाच आधी, मग पंजा, पोट आत, रोज पेशंटांना सांगते त्याबरहुकूम. पडद्यावरची बाई आधीपेक्षा जास्त लंगडली. लंगडेपणा लपवू बघणारा माणूस असाच लंगडतो, हेही तिला ठाऊक होतं. तिनंच ते कितीजणांना सांगितलं होतं. माणूस पुडकं घेऊन आला. पाठमोरी होऊन दाराकडे जाताना तिला वाटलं की तो आपल्याकडे बघतोय. मग वाटलं की तो कशाला बघेल, त्याला त्यात नवल ते काय. आणि हे दुसरं पहिल्यापेक्षा जास्त लागलं.

हात-पाय गेलेल्या, आखडलेल्या, वाकलेल्या माणसांना व्यायाम देऊन चालतं करणं हा तिचा धंदा. पेशंट तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे पकडबाई. तिच्या हातात एकदा सांधा सापडला की तो सुटत नाही, म्हणून. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि ते तिला मनातून आवडत असे. तिच्याकडे धिप्पाड पुरुष रडत, म्हाताऱ्या शिव्या घालत, पोरं चावत. ती पकड ढिली करत नसे. कोणी फारच कळवळलं तर ती भिंतीकडे बोट दाखवी. आधाराच्या दांड्यांच्या वर तिथे दोन फोटो लावलेले होते, एक आजीचा आणि एक आईचा. ती म्हणे, या दोघी नसत्या तर मी आज तुमच्यासमोर उभी नसते, बसून असते. माझा पाय आत वळलेला होता, तळवा आभाळाकडे. यांनी तो रोज पिळून सरळ केला. मी रोज ओरडले. आज सांगा, कळतंय का कुठला पाय ते. आणि मग ती उठून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवी. चालून होईपर्यंत खोलीत एकदम शांतता पसरे. ती शांतता तिला फार प्रिय होती. तिला ती कौतुकाची वाटे.

दवाखान्याकडे जाताना ती आज फुटपाथच्या कडेनं, भिंतीला धरून चालली. काचेची दारं, थांबलेल्या गाड्यांच्या खिडक्या, सगळं शहर तिला दाखवायला टपलेलं होतं, आणि इतकी वर्षं आपण त्यात कधी कसं बघितलं नाही याचं तिला आश्चर्य वाटत होतं. बघितलं होतं. चेहरा बघितला होता. लहानपणी घरात आरसा होता तो हात धुण्याच्या जागेवर, तळहाताएवढा, आजीनं टांगलेला. तोंड स्वच्छ आहे की नाही ते कळलं म्हणजे पुरे, आजी म्हणायची. मग त्याचीच सवय पडली. काचेसमोरून जाताना ती मान वळवून तोंड बघे आणि पुढे जाई. एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक आहे हे तिला माहीत होतं, एका पायाच्या बुटात पुढे कापूस भरावा लागतो हेही माहीत होतं. ते राहतंच. बरी झालेली जखम खूण ठेवतेच. पण चाल सरळ आहे, हे तिला जसं स्वतःचं वय माहीत होतं तसं माहीत होतं. ते तिला आजीनं सांगितलं होतं.

आजी, म्हणजे आईची आई, एका लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी ओल्या निघत, त्या दोन बायका दोन टोकांना धरून पिळत, आणि आजीच्या समोरची बाई नेहमी बदलावी लागे, कारण आजीच्या पिळण्यानं समोरचीचे हात भरून येत. आजीच्या अंगाला साबणाचा, खळीचा आणि तापलेल्या कापडाचा वास यायचा. तिनं नातीचा पाय पहिल्यांदा बघितला तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, एवढंच ना. डॉक्टरनं कसा धरायचा, कसा वळवायचा, रात्री फळीला कसा बांधायचा ते दाखवलं, आणि आजीनं ते तिच्या पद्धतीनं उचललं. कामावरून आली की हात न पुसता पलंगावर बसायची. आई उशाशी बसून तिचे दोन्ही दंड दाबून धरायची. आई टेलिफोन ऑफिसात होती, दिवसभर कानाला यंत्र लावून माणसं जोडून द्यायची, आणि तिचा आवाज असा होता की पलीकडचा माणूस नंबर विसरून ऐकत राहावा. पाय पिळला जात असताना तो आवाज तिच्या कानाशी यायचा, थांबा हं, जोडते, थोडं थांबा, लाइन सोडू नका. ती ओरडायची. आजीचं तोंड अगदी शांत असायचं. चादर पिळताना असेल तसंच. एकदा तिनं आजीच्या मनगटाचा चावा घेतला, रक्त आलं, तर आजीनं ते बघितलं, दुसऱ्या हातानं पाय धरला आणि म्हणाली, चाव, दात बळकट होतील.

तिला कोणी उचलून घ्यायचं नाही, हा आजीचा नियम होता. जिन्यावर बसून ती रडे आणि आजी वरच्या मजल्यावरून सांगे, जेवण वर आहे. तिच्या वयाच्या पोरांनी रस्त्यात तिची नक्कल केली, एक पाय ओढत ओळीनं तिच्यामागून चालली, तेव्हा आजी खाली उतरली. सगळ्यात पुढच्या पोराचा कान धरून तिनं त्याला त्याच्या घरापर्यंत तसाच नेला, त्याच्या आईसमोर. काय बोलली ते कोणाला कळलं नाही. त्यानंतर त्या रस्त्यात तिच्या चालण्याकडे कोणी बघेनासं झालं. तिचं बालपण असं गेलं की तिच्या पायापासून सगळ्यांच्या नजरा वरच्यावर फिरत. आणि मग तो दिवस. आजीनं तिला लांबच लांब व्हरांड्याच्या टोकाला उभं केलं, चाल म्हणाली, ये माझ्याकडे. ती चालत गेली. आजी म्हणाली, झाला सरळ. आता या घरात पायाचं नाव काढायचं नाही. त्या दिवसापासून कोणी नाव काढलं नाही, तिनंही नाही. तिला पुढे हाच धंदा घ्यावासा वाटला तेव्हाही ते कारण कोणी बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यात पहिल्याच नंबरला तो छोटा मुलगा होता, दोन्ही पावलं आत वळलेला, आणि त्याची तरुण आई. मुलगा तिला बघताच रडायला लागला. तिनं त्याचं पाऊल हातात घेतलं, अंगठ्यानं हाड शोधलं आणि दाब द्यायला सुरुवात केली. मुलगा किंचाळला. त्याच्या आईनं डोळे मिटून घेतले. रोजच्यासारखी तिच्या तोंडून वाक्यं निघाली, भिंतीवरच्या त्या दोघी बघा, माझाही पाय असाच, आणि मग ती खुर्चीवरून उठली, चालून दाखवायला. अर्ध्यावर उठून ती तशीच राहिली.

"चाला ना, मॅडम," मुलाची आई म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही चाललात ना, मला फार धीर आला होता."

"कसला धीर?"

"म्हणजे..." ती बाई अडखळली. "मी घरी गेल्यावर ह्यांनाही सांगितलं. म्हटलं, एवढं राहिलं तरी बाई उभ्या राहून दिवसभर काम करतात. कोणावाचून अडत नाही त्यांचं. आपल्याचं एवढं झालं तरी खूप झालं."

ती खाली बसली. एवढं राहिलं तरी. तिनं मुलाचं दुसरं पाऊल हातात घेतलं. किती राहिलंय हे विचारावं असं तिला वाटलं, शिंप्याला विचारावं तसं, किती बोटं. पण मुलगा ओरडत होता आणि काम मध्ये सोडायची तिची पद्धत नव्हती.

सकाळचे पेशंट संपल्यावर दुपारी ती बाहेर आली. काउंटरवरच्या बाई, दवाखाना उघडला तेव्हापासून तिच्याबरोबर असलेल्या, फोनची वायर बोटाला गुंडाळत डबा खात होत्या.

"मी लंगडते का हो?" तिनं विचारलं.

बाईंनी घास गिळला. "आज का विचारताय?"

"लंगडते की नाही?"

"थंडीत जरा जास्त," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. "अहो, तुम्ही ते चालून दाखवता ना, आम्हाला वाटायचं तुम्ही मुद्दाम... म्हणजे पेशंटला वाटावं की ह्यांचं झालं एवढं, आपलंही होईल. मी तर सगळ्यांना सांगते, आमच्या मॅडमसारखी हिंमत पाहिजे."

"आणि मी विचारते ना, सांगा बघू कुठला पाय."

"हो. लोक बोलत नाहीत मग. संकोच वाटतो."

तिला हसू आलं. काउंटरवरच्या बाईही जरा सुटल्यासारख्या हसल्या. मग तिला आपला नवरा आठवला, काही वर्षांपुरता झालेला, आता दुसऱ्या शहरात दुसऱ्या बाईबरोबर सुखात असलेला. रस्त्यात तो कायम तिच्या डाव्या अंगाला चाले. गर्दीतून वळसा घालून, धावत येऊन तिच्या डावीकडे येई आणि आपला खांदा तिच्या खांद्याला लावून ठेवी. पुढे सगळं नासलं, एकमेकांचं तोंड बघवेनासं झालं, तरी त्या नासलेल्या दिवसांतून तिनं ही एकच गोष्ट बाजूला काढून ठेवली होती, की या माणसाला माझ्या एका बाजूची ओढ होती. आता कळलं, तो तिला टेकू देत होता. कलणाऱ्या भिंतीला द्यावा तसा. तीसुद्धा एक दया निघाली. दयेचं असं असतं की ती कळेपर्यंत प्रेमासारखीच दिसते.

दिवसभर तिला वाटत राहिलं की आता राग येईल. आजीवर यायला हवा होता. आजी तर मरून गेली होती, आणि मरतानाही तिनं कोणाचा हात धरला नव्हता. पण आजीवर राग येईना. उलट पाऊल उचलताना आता प्रत्येक वेळी कळत होतं, टाच उशिरा, भार कडेवर, झोल, सावरणं, आणि हे एवढं तरी जे चाललंय ते त्या ओल्या, खळीच्या वासाच्या हातांनी पिळून काढलेलं आहे, हे तिच्यातल्या जाणकार बाईला मान्य करावंच लागत होतं. तो पाय तसाच ठेवला असता तर तळव्यावर कधी भारच आला नसता. उपकार खोटे नव्हते. उपकार अपुरे होते. आणि आजी तर काम अर्धवट सोडणारी बाई नव्हती. इथे ती अडखळत होती. दुपारभर ती दुसऱ्यांच्या गुडघ्यांचे, खांद्यांचे आखडलेले सांधे वाकवत राहिली आणि हे एकच कोडं तिच्या बोटांत घोळत राहिलं, की आजीच्या हातून हे राहिलं कसं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आईला सांभाळणारी बाई स्वयंपाकघरात आईसाठी पातळ सूप गाळत होती. आईला अर्धांगवायू होऊन बराच काळ लोटला होता. उजवी बाजू गेली होती, आणि वाचा गेली होती, एक शब्द सोडून. तो एक शब्द डॉक्टरांनाही नवलाचा वाटला होता. आई म्हणायची, थांबा. भूक लागली की थांबा, लघवीला लागली की थांबा, खिडकीतून ऊन आलं की थांबा. इतकी माणसं जोडून दिलेल्या त्या आवाजाचं एवढंच शिल्लक उरलं होतं, आणि तेही जुन्या नोकरीतलं, अहोजाहोतलं, पोटच्या मुलीलासुद्धा. उजव्या हाताची मूठ मिटली होती. ती उघडली नाही तर नखं तळव्यात रुततात, घाम साचून कातडी कुजते. म्हणून रोज संध्याकाळी ती मूठ उघडायची. मोठ्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, हात काही परत यायचा नाही, तळवा धुऊन कोरडा ठेवा, तेवढं पुरे, उगाच त्रास देऊ नका. तिनं मान डोलावली होती. आणि रोज ती मूठ तळवा धुण्यापुरती न उघडता पार शेवटपर्यंत उघडत होती, बोटं सरळ करून, मनगट मागे नेऊन, आई थांबा थांबा म्हणत असताना. तो व्यायाम होता. उपचार होता. हे ती स्वतःला सांगत असे आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ती हात धुऊन आली आणि पलंगाच्या उजव्या बाजूला बसली. आईनं तिला येताना बघितलं. तिनं गुडघ्यावर रुमाल पसरला, तेलाची बाटली उघडली आणि आईच्या मुठीखाली नुसता तळहात ठेवला. अजून धरलीही नव्हती. आई ओरडली. थांबा, थांबा, मोठ्यानं, घशातून, अगदी कळ लागल्यासारखी. दुखत नसताना. दुखायच्या आधीच. तिनं वर बघितलं तर आई दाराकडे बघत होती. स्वयंपाकघरातल्या बाईला ऐकू जावं, तिनं येऊन सोडवावं म्हणून.

आणि तिथे, तेलाची बाटली हातात असताना, तिला ते आठवलं. तसं ते ती कधी विसरलीच नव्हती. तिच्याजवळ लहानपणीचं जे मोजकं ऊबदार होतं त्यात ते सगळ्यात आतलं होतं, इतकं आतलं की त्याचा पायाशी काही संबंध असेल असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रुळांत आजीचा हात सापडला होता. आजी हाताला मोठं गाठोडं बांधून खुर्चीत बसून असायची आणि पाय वळवायचं काम आईकडे आलं होतं. आई तिला घेऊन आतल्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची. तू बाहेरच बस, आई आजीला सांगायची, तुझ्यासमोर ही जास्त करते. मग आई पलंगावर बसून तिचं पाऊल मांडीवर घ्यायची. आईचे हात कोरडे आणि हलके होते. ती पाऊल नुसतं धरून बसायची, चिमणी धरावी तसं, आणि तिच्या कानाशी तोंड आणून सांगायची, ओरड. ती बघत राहिली की आई पुन्हा म्हणायची, अगं ओरड, जोरात, आजीला ऐकू गेलं पाहिजे. आणि ती ओरडायची. पहिल्यांदा खोटं, मग रंगून जाऊन, आई मेले, सोड, पाय तुटला, आणि आई तोंडावर हात दाबून हसायची, ती हसायची, दोघी पलंगावर गडबडा लोळायच्या आणि बाहेरून आजीचा आवाज यायचा, अजून थोडा, सोडू नको इतक्यात. किती दिवस चाललं ते कोण जाणे. लहानपणी दिवसांना मोजमाप नसतं. पण पाठीवर थंडीतली गोधडी होती तेव्हा सुरू झालं आणि व्हरांड्याच्या टोकाशी ती उभी राहिली तेव्हा अंगात पातळ झगा होता. त्या दिवशी ती चालत गेली तेव्हा आजी लगेच काही बोलली नव्हती. आधी आजीनं आईकडे बघितलं होतं, फार वेळ. आई भिंतीला टेकून उभी होती. मग आजीनं आपल्या हाताकडे बघितलं, जखम भरून आली होती पण बोटं मिटत नव्हती, त्यात आता काही धरता येणार नव्हतं. आणि मग म्हणाली, झाला सरळ.

त्या वयात हाड मेणासारखं असतं, तिनं मनात म्हटलं, पेशंटच्या आईला सांगावं तसं. पण मेण धरून ठेवावं लागतं. सोडलं की ते पुन्हा आपल्या मूळच्या वळणावर जातं. हे त्या थोड्या महिन्यांत झालं. त्या हसण्यात झालं. आजीनं छळलं म्हणून ती उभी राहिली आणि आईनं माया केली म्हणून ती लंगडी राहिली, आणि आयुष्यभर तिनं कृतज्ञतेनं एकीचा छळ सोसल्याचं सांगितलं होतं आणि दुसरीची माया कोणाला न सांगता जपून ठेवली होती, जणू दोन वेगळ्या ठेवी असाव्यात. आता राग आला. तो ज्याच्यावर यायला हवा होता त्याच्यावर आला नाही. खोटेपणावर नाही, आजीवर नाही. त्या कोरड्या हलक्या हातांवर आला. तिला त्या पलंगावरच्या लहान मुलीवरसुद्धा आला, जी इतकी छान ओरडत होती.

"आई," ती म्हणाली. "मी लंगडते."

आईनं दाराकडची नजर तिच्याकडे आणली.

"तू पाय नुसता धरून बसायचीस. आजीचा हात भाजला होता तेव्हा. मला ओरडायला सांगायचीस."

आईच्या तोंडाची हलणारी अर्धी बाजू हलली. थांबा, असं काहीतरी ती पुटपुटली. ते नाही होतं की हो, की नुसतंच घशात अडकलेलं, कळायला मार्ग नव्हता. पण डावा हात, चांगला, चादरीवरून सरकत आला आणि तिच्या गुडघ्यावर बसला, डाव्या गुडघ्यावर. मग तिथून खाली, पोटरीवर, जिथपर्यंत पोचत होता तिथपर्यंत. कापडावरून त्यानं ती बारीक पोटरी चाचपली. आईला माहीत होतं. रोज माहीत होतं. ती शाळेला निघायची तेव्हा, दवाखान्याला निघायची तेव्हा, लग्नात, इतकी वर्षं दर वेळी पाठ फिरवून निघून जाताना आईनं ते बघितलं होतं, झोल, सावरणं, झोल, सावरणं, आणि गोड आवाजात सांगितलं होतं, सांभाळून जा.

"मला कळलं असतं तर मी कोणासमोर चालून दाखवलं नसतं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "लोक गप्प बसायचे, आई. आणि मला वाटायचं..."

आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते तर हल्ली कशानंही येई, त्यावरून काही ठरवता येत नसे. तिनं आईचा डावा हात उचलून परत चादरीवर ठेवला, नीट, पेशंटचा ठेवावा तसा. बोटांना तेल लावलं. मग मूठ धरली. आधी अंगठा बाहेर काढला, तो नेहमीच आधी काढावा लागतो, मग करंगळी, मग बाकीची बोटं एकेक करून, आणि तळवा उघडा झाला, पांढरा, ओलसर, नखांच्या चार अर्धगोल खुणा असलेला. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं. तिनं रुमालानं तळवा पुसला आणि मग एक हात बोटांवर आणि एक मनगटाखाली घेऊन मागे न्यायला सुरुवात केली, सावकाश, शेवटपर्यंत, आणि शेवट आला तिथून आणखी थोडं. सांध्यात कट्ट असा बारीक आवाज झाला. ती आईच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या दिवसांत ती कधी तोंडाकडे बघत नसे, हाताकडे बघे. आईचा ओठ दाताखाली गेला होता. कपाळावर घाम आला होता. आईचे डोळे तिच्या डोळ्यांवरून हलले नाहीत, दाराकडे गेले नाहीत, आणि तो एक शब्द, ज्याच्यावाचून आईला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, तो तिनं तोंडातून निघू दिला नाही.

तिनं धरून ठेवलं. सोडायला तिला कोणी सांगत नव्हतं, तेव्हा किती वेळ धरायचं हे आता तिचं तिनंच ठरवायचं होतं. बोटांखाली आईची नाडी लागत होती, जोरात, एखादं लहान जनावर धरल्यावर लागते तशी.

स्वयंपाकघरातून भांडी ठेवल्याचा आवाज आला आणि मग बाईचा. "ताई, आज आईंचा आवाज नाही आला. झोपल्या का?"

"नाही," ती म्हणाली. "जाग्या आहेत."

आणि तिनं मनगट आणखी जरा मागे नेलं.